गेल्याची खूण

थोरल्या बाईंना अक्षरं जेमतेम लागत, पण आकड्यांना त्या कधी हार गेल्या नाहीत. त्यामुळे सकाळी सव्वानऊला फोनवर मेसेज आला आणि त्यात चौदा हा आकडा दिसला, तेव्हाच त्यांचा हात थांबला. चौदा नंबरची खुर्ची म्हणजे त्यांच्या नवऱ्याची. सहा वर्षं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास तो माणूस त्या खुर्चीत हाताला नळ्या लावून बसला होता. बाकीचं त्यांनी बोट ठेवून लावलं. उद्या सकाळी आठला रक्त तपासायला यावं, उपाशीपोटी.

तो माणूस जाऊन वीस दिवस झाले होते.

दुसरी एखादी असती तर मटकन खाली बसली असती. थोरल्या बाईंनी धुतलेल्या चादरींचा गठ्ठा दुसऱ्या आयाबाईच्या हातात कोंबला आणि जिन्याची वाट धरली. डायलिसिसच्या त्या दवाखान्यात त्यांना एकतीस वर्षं झाली होती आणि सगळ्या आयाबायांवर त्यांचा शब्द चाले. नव्याने आलेला एखादा डॉक्टर त्यांना ‘मावशी’ म्हणाला की त्या विचारत, “तुमच्या आईची मी कोण लागते? कधी बोलली नाही ती मला.” पुन्हा मावशी म्हणायची कुणाची छाती होत नसे.

वरच्या मजल्यावर टोकाला एक थंडगार खोली होती. तिथे त्यांची सून बसे. मुलगा बोटीवर, वर्षातून दोनदा तोंड दाखवणारा. घरात सासू-सून दोघीच, आणि दवाखान्यातही दोघीच, एक खाली आणि एक वर. सुनेचं काम काय ते बाईंना कधी पटलं नव्हतं. पाच दवाखाने, प्रत्येकात एक कॉम्प्युटरचं मशीन, आणि पाचही मशीनांनी मिळून सगळ्या रोग्यांची माहिती सांभाळायची. सून त्या पाचांवर लक्ष ठेवी. बाई शेजारणींना सांगत, “आमची सूनबाई पाच पोरांची आई आहे. एकालाही नाक नाही, म्हणून पुसायचं काम तेवढं वाचलंय.”

खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी फोन टेबलावर आपटला.

“हे काय आहे गं? तुझ्या सासऱ्यांना उपाशीपोटी बोलावलंय. कुठे पाठवू निरोप, सांग!”

सून वळली. पोरगी आधीच पांढरी पडली होती.

“आई, मला आत्ताच कळलंय. फक्त त्यांचं नाही, बरीच नावं परत आली आहेत.”

“परत आली म्हणजे? कुठून परत आली?”

सुनेने स्टूल पुढे ओढलं. बाई बसल्या नाहीत, तशी ती स्वतःच उभी राहिली आणि सांगू लागली. आधी हळू, मग भराभर, जसं काही स्वतःलाच समजावत होती.

एखादा रोगी गेला, किंवा बरा होऊन घरी गेला, की त्याचं नाव काढायचं. पण पाच ठिकाणी मिळून लिहिलेलं नाव नुसतं खोडून चालत नाही. चौघांनी खोडलं आणि पाचव्याला कळलंच नाही, तर पाचवा तेच धरून बसणार. म्हणून मशीन नाव खोडत नाही, त्यावर एक खूण लिहून ठेवतं, हा गेला अशी. ती खूण एकाकडून दुसऱ्याकडे जाते. दहा दिवसांत सगळ्यांना कळलेलंच असतं असं धरून मग नाव आणि खूण दोन्ही झाडून टाकतात, जागा मोकळी करतात.

“मग?”

“मग पाच नंबर बंद पडलं. एकोणीस दिवस. ते बंद असताना इकडे जी नावं काढली, त्यांच्यातली बरीच खुणेसकट झाडली गेली. आणि परवा मी रजेवरून आले आणि पाच नंबर सुरू केलं. त्याच्याकडे जुनी नावं जशीच्या तशी. त्याने ती बाकीच्यांना दाखवली.”

“आणि बाकीचे चौघे? त्यांच्या तोंडात काय मिठाची गुळणी होती?”

“त्यांच्याकडे काहीच नव्हतं, आई. ना नाव, ना खूण. ज्याच्याकडे काहीच नाही तो गप्प बसतो. ज्याच्याकडे नाव आहे त्याचंच खरं मानतात.”

“म्हणजे वीस दिवसांनी बाहेरगावाहून आलेला माणूस दारात उभा राहून मेलेल्याची ख्यालीखुशाली विचारतो, आणि घरातले सगळे म्हणतात, हो हो, आत झोपलेत!” बाईंनी फोन परत उचलला. “चांगली शहाणी पोरं वाढवलीस.”

सून हसली नाही. रागावलीही नाही. बाईंना त्याचंच नवल वाटलं.

एवढ्यात मोठे डॉक्टर आले. पाचही दवाखाने त्यांच्या हाताखाली. आवाज चढवायची सवय नव्हती त्यांना, आणि त्यामुळेच लोक घाबरत.

“एक वाजता पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक सगळ्यांच्या फोनवर जातं,” ते म्हणाले. “जितकी नावं जास्तीची, तितक्या खुर्च्या गेल्या. खऱ्या रोग्यांना जागा नाही म्हणून निरोप जाईल. दोन पाळ्या चुकल्या तर त्यांच्या फुफ्फुसात पाणी भरतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.”

“वेळापत्रक थांबवू का, सर?”

“थांबवलं तर कुणालाच काही कळणार नाही. लांबून येणारे दुपारीच घर सोडतात. यादीची जुनी नक्कल काढून ताडून बघा.”

“नक्कल मी दर शनिवारी स्वतः काढते. मी नव्हते तेव्हा निघाली नाही. हाताशी आहे ती मशीन बंद पडायच्या आधीची, त्यात ही सगळी माणसं आहेतच.”

डॉक्टर खिडकीपाशी गेले आणि तिथून वळले.

“ते मशीन किती दिवस बंद होतं, हे न विचारता तुम्ही सुरू केलंत?”

“तिथला वायरमन म्हणाला, थोडे दिवस बंद होतं. मी थोडे म्हणजे किती ते विचारलं नाही.”

“एक वाजेपर्यंत यादी साफ हवी. आणि आजच्या आज लेखी कारण. खरं सांगायचं तर, न मोजता कळ दाबणारा माणूस मला या खोलीत परवडत नाही.”

ते गेले. थोरल्या बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. एकोणीस हा आकडा ऐकल्यापासून त्या बोटांवर दिवस मोजत होत्या.

नवरा गेल्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. घर माणसांनी भरलेलं, चपलांवर चपला. सून आत आल्या-गेल्यांना पाणी देत होती आणि तिचा फोन स्वयंपाकघरात वाजला. बाईंनी उचलला. पलीकडे सुनेच्या हाताखालचा तो चष्मेवाला. आधी चार शब्द दुःखाचे बोलला, मग म्हणाला, “काकू, मॅडमना एवढा निरोप द्या. तीन दिवस झाले, पाच नंबर बंद पडलंय, तिथल्या मशीनच्या खोलीची वीज गेलीय. कधी येईल सांगता येत नाही. दहा दिवस उलटले तर ते तसंच सुरू करायचं नाही, पुसून कोरं करून मगच घ्यायचं. त्यांना नुसतं दहा दिवस म्हणा, त्यांना कळेल.”

बाई म्हणाल्या होत्या, “सांगते.”

आणि फोन कपाटात चादरींच्या घडीखाली घालून ठेवला होता. माझा माणूस गेलाय आणि याला पाच नंबरचं पडलंय! सून त्या दिवसांत घरातच हवी, समोर हवी, लोकांनी बघायला हवी, एवढंच त्यांना तेव्हा दिसत होतं. फोन त्यांनी आठव्या दिवशी परत दिला. निरोप दिला नाही. विसरल्या होत्या असं म्हणता आलं असतं, पण थोरल्या बाई विसरणाऱ्यातल्या नव्हत्या, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

“बाकीच्या चार दवाखान्यांतल्या सिस्टरांना विचारून झालं,” सून फोन ठेवत म्हणाली. “तिथे माणसं थोडी. प्रश्न आपल्याकडचा आहे. दोनशे बारा नावं. इथली सिस्टर बदलून येऊन आठवडा झालाय, तिला कोण कोण ते माहीत नाही. फायली काढायच्या तर दोन दिवस.”

“घरोघरी फोन कर.”

“काय विचारू, आई? तुमचे वडील आहेत का अजून, असं?”

बाईंनी हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला. सकाळी त्यांच्या स्वतःच्या फोनवर आलेले ते चार शब्द त्यांनी अजून गिळले नव्हते. तो घास दुसऱ्या कुणाला भरवायचा?

त्यांनी स्टूल ओढलं आणि त्यावर बैठक मारली.

“वाच.”

“काय?”

“नावं वाच. दोनशे बारा ना? एकतीस वर्षं त्या हॉलमध्ये मी काय माशा मारतेय? चादर कुणाची बदलली आणि कुणाची शेवटची काढली, मला सांगायला सिस्टर कशाला हवी? वाच म्हणते ना.”

सुनेने घड्याळाकडे बघितलं. पावणेअकरा. ती वाचू लागली.

कागदावरची नावं बाईंना परकी होती. त्या माणसांना खोकल्यावरून, पायांवरून, सोबत येणाऱ्या सुनेच्या तोऱ्यावरून ओळखत. सून नाव वाची, वय सांगे, खुर्चीचा नंबर सांगे, आणि बाई डोळे मिटून त्या खुर्चीपाशी जात.

“खिडकीकडचा शिंपी. आहे. कालच भांडला, उशी पातळ आहे म्हणून.”

“आहे. ती बहिरी म्हातारी. बहिरी कसली, हवं तेवढं ऐकते.”

“हा आहे. ही त्याचीच बहीण, हीही आहे. दोघं एकाच वाराला येतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत.”

“हा बरा झाला. म्हणजे किडनी मिळाली त्याला, बायकोची. जाताना सगळ्यांच्या पाया पडला. माझ्यासुद्धा. काढ त्याला.”

पहिलं नाव निघालं. सून प्रत्येक बटण दोनदा बघून दाबत होती. जिवंत माणसाच्या नावावर खूण पडली तर काय, हे तिला सांगायची गरज नव्हती.

“ही मुलीकडे राहायला गेली, दुसऱ्या शहरात. काढ. हा आहे. हा आहे. हा…” बाईंनी डोळे उघडले. “हा गेला. बुटांच्या दुकानातला. त्याच्या बायकोने खुर्चीखालची चप्पल मागितली, तर एकच सापडली. दुसरी मी दोन दिवस शोधत होते.”

शंभरी ओलांडली तेव्हा बारा वाजायला पंचवीस मिनिटं होती. चौघे निघाले होते. सून पाणी प्यायला थांबली आणि बाईंनी, जणू काही सहज, विचारलं,

“त्या तुझ्या चष्मेवाल्याला विचारलंस का काही?”

“सकाळीच फोन केला. बायकोच्या बाळंतपणासाठी रजेवर आहे तो.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, मी कळवलं होतं. तिसऱ्याच दिवशी.”

“कुणाला?”

सुनेने पेला खाली ठेवला. तिची नजर स्क्रीनवरून हलली नाही.

“ते राहू दे आता, आई. एकशे चार. स्त्री, वय बावन्न, खुर्ची नऊ.”

बाईंनी ओळखलं. म्हणजे हिला ठाऊक होतं. डॉक्टर समोर उभे होते तेव्हाही ठाऊक होतं, आणि हिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. एखादीने भर चौकात सासूचं नाव घेतलं असतं. थोरल्या बाईंना कुणी शिव्या दिल्या तर व्याजासकट परत करता येत. हे परत कसं करायचं ते त्यांना येत नव्हतं.

“नऊ नंबर आहे,” त्या म्हणाल्या.

नावं पुढे सरकत राहिली. एकशे वीस. एकशे तीस. एकशे एकतीस, पोस्टात होता तो, आहे. मग सुनेने श्वास घेतला आणि वाचलं, “एकशे तेहतीस. पुरुष, वय चाळीस…”

“बत्तीस राहिला.”

“ते मी करते, आई. ते मला माहीत आहे.”

“दोनशे बारा म्हणालीस ना? मी मोजतेय. बत्तीस वाच.”

सुनेने नाव वाचलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. कुठल्याशा फॉर्मवर कधीतरी भरलेलं, तसं. वय एकाहत्तर. खुर्ची चौदा. रक्तगट. कुठलं औषध चालत नाही. जवळचं माणूस कोण या रकान्यात बाईंचं स्वतःचं नाव, आणि ते नाव इतक्या वर्षांत इतक्या मोठ्याने कुणी उच्चारलं नव्हतं.

बाकी सगळ्या नावांना बाई झटक्यात उत्तर देत होत्या. इथे मात्र त्या डोळे मिटून त्या खुर्चीपाशी गेल्या, आणि तिथे तो होता. डाव्या हाताला नळ्या, उजव्या हातात वर्तमानपत्र, आणि नेहमीचंच, “आज सुई कुणी लावली गं? जरा शिकव तिला.” वीस दिवस घर भरून लोकांनी त्यांच्याकडे बघितलं होतं आणि त्यांनी डोळ्याला पदर लागू दिला नव्हता. लोक म्हणाले, बाई खमकी आहे. कुणी त्यांना विचारलंच नव्हतं, तो आहे की गेला, म्हणून. सगळ्यांना ठाऊकच होतं. सांगावं कधी लागलंच नाही.

“आई?”

“गेले,” थोरल्या बाई म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, “गेले म्हटलं ना. लिही.”

सुनेने लिहिलं. दोघींनीही एकमेकींकडे बघितलं नाही.

त्यानंतर वेग आला. एकशे सत्तरावर एकजण अडला, पूर्वी गेटवर बसणारा पहारेकरी. बाई आठवत राहिल्या. आधी म्हणाल्या गेला, मग हात वर केला. “थांब. मला ठाऊक नाही.” हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकून सून चमकली. “बघतेस काय? ठाऊक नाही म्हणजे नाही. फोन लाव. मी बोलते.”

फोन पहारेकऱ्यानेच उचलला.

“आहेस का रे?” बाईंनी विचारलं.

“जाऊन कुणाला सांगणार? चहात साखर घालू देत नाहीत घरात, तेवढं बघा डॉक्टरांना विचारून.”

“मर मेल्या,” बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून सुनेला, “आहे.”

बारा वाजून बेचाळीस मिनिटांनी यादी संपली. सातजण निघाले. तिघे गेलेले, एक बरा झालेला, तिघे दुसरीकडे राहायला गेलेले. सात खुर्च्या मोकळ्या झाल्या आणि वाट बघणारे सातजण आपोआप वर सरकले. त्यांत एक शाळामास्तरीण होती, परवापासून व्हरांड्यात बसून पोरांचे पेपर तपासणारी. तिला चौदा नंबर मिळाला. बाईंनी ते वाचलं आणि मान हलवली, एवढंच.

मोठे डॉक्टर दारात आले. यादी बघितली, दोन नावं स्वतः विचारून घेतली, आणि वेळापत्रक जाऊ द्या म्हणाले.

“कारण लिहिलंत?”

“लिहिते, सर. चूक माझी आहे. मी दिवस मोजले नाहीत.”

“तिची तेवढीच आहे,” थोरल्या बाई उठून उभ्या राहिल्या. “आधीची माझी. चष्मेवाल्याने निरोप दिला होता, माझ्याकडे. दहा दिवस उलटले तर सुरू करू नका, असा. मी सांगते म्हणाले आणि फोन चादरीखाली घातला. विसरले नव्हते. सांगायचं नव्हतं मला.”

डॉक्टर सुनेकडे वळले. सुनेने मान खाली घातली होती.

“तरी तिने वायरमनला विचारायला हवं होतं,” ते म्हणाले.

“हवंच होतं. पण तिने घरी येऊन मला विचारलं असतं, फोन आला होता का, तर मी हो म्हटलं असतं की नाही, तेही आज छातीठोकपणे सांगवत नाही मला. ते पण लिहा त्या कागदावर. सही येते मला, अंगठ्याची बाई नाही मी.”

डॉक्टर सुनेला म्हणाले, “कारणात दोघींची नावं येतील. आणि तुमच्या हाताखालच्या माणसाला नक्कल काढायला शिकवा, म्हणजे तुम्हाला रजा घेता येईल. उद्या वेळेवर या.” एवढं बोलून ते गेले.

एक वाजता वेळापत्रक गेलं. खाली हॉलमध्ये एकामागून एक फोन वाजल्याचं वरपर्यंत ऐकू आलं.

सून अजून खुर्चीतच होती. स्क्रीनवर पाच ओळी होत्या, आणि ओळींपुढे, पाचही दवाखान्यांच्या मिळून पोचलेल्या खुणांचे आकडे वाढत होते.

“आता काय?” बाईंनी विचारलं.

“खुणा पाचही जणांना पोचल्या की नाही, ते एकेकाला विचारून घ्यायचं. पोचल्याशिवाय उठायचं नाही. तुम्ही जा आई, खाली पाळी बदलायची वेळ झाली.”

“बदलतील त्यांच्या त्या. कोण कोण झालं?”

“एक, दोन, चार झालं. तीन होतंय.”

“आणि पाच?”

“त्याला वेळ लागेल. तिथली लाइन हळू आहे.”

थोरल्या बाईंनी स्टूल सुनेच्या खुर्चीला टेकेल इतकं जवळ ओढलं. पदर खांद्यावरून ओढून घेतला, खोली फार गार होती. पाचव्या ओळीपुढचा आकडा त्यांना वाचता येत होता. अकरा. बराच वेळ अकराच. मग बारा.

“नीट सांगतेयस ना त्याला?”

“सांगतेय, आई. एकेक नाव सांगतेय.”

“सांग,” बाई म्हणाल्या. “मी बसलेय.”